टिंबानंतर

दर फेब्रुवारीच्या अखेरीस मेल येतो,
आपली एकतीस नावं संपत आली आहेत.
जणू नावं नव्हेत,
आमच्या गोदामातली ग्राउटची पोती,
कोपऱ्यात तारीख छापलेली.

रुवीत, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावर एक खोली.
एसी इस्माईल मुकादमच्या पायावर गळतो,
मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर.

डॉट कॉम तर कधीच गेलं होतं,
समुद्राला लागून असलेल्या जमिनीसारखं.
मग वाटलं, आतली घेऊ,
आज रस्ता नाही, उद्या होईल.
डॉट शॉप, डॉट क्लब, डॉट ऑनलाइन,
पहिलं वर्ष तीनशे बैसा,
तीन करक चहांत एक नाव.
शुक्रवारी सुट्टी असायची. घेत गेलो.
सलालालोबान डॉट शॉप.
निझवाखजूर डॉट ऑनलाइन.
मस्कतटाइल्स डॉट क्लब.
(फरशीचा क्लब कोण काढतं हो, वृंदाने विचारलं.
आवाज तुटतोय, असं मी सांगितलं.)

दुसऱ्या वर्षी त्याच नावाचे नऊ रियाल.
हे कुठेतरी बारीक अक्षरांत होतं.
बारीक अक्षरं मी वाचतो,
पण कंपनीच्या बिलांवरची.

दुबईत म्हणे एकाने एकच शब्द विकला
आणि गाडी घेतली.
गाडी कोणती, सांगणाऱ्याला ठाऊक नाही.

इस्माईल म्हणतो, माझं बघ.
आजा बंदरावर बारा माणसांवर नजर ठेवायचा,
लोकांनी मुकादम म्हटलं, तेच लागलं.
ना टिंब, ना फी.
तुझं केळशीकर.
केळशीला पुढे कर.
तेही शेपूटच की रे, फक्त जुनं.

त्या रात्री त्या दोन अक्षरांनी झोपू दिलं नाही.
कर, म्हणजे मी कुठला ते.
कर, म्हणजे दरसाल भरायचं ते.
आणि फोनवर वृंदा,
कर, आता तरी काहीतरी कर.

एकच विकलं आजवर.
गल्लीच्या तोंडाशी खमीस, बलुची शिंपी,
त्याला खमीसटेलर डॉट शॉप दिलं,
बारा रियाल आणि एक पँट आखूड करून.
पाटी रंगवायला सिल्हेटचा पोरगा आला,
माझ्याच हाताने कागदावर लिहून दिलं होतं.
संध्याकाळी पाहतो तर सगळी अक्षरं आहेत,
टिंब नाही.
विचारलं, तर म्हणाला,
मला वाटलं कागदावर माशी बसली होती.
खमीसला काही फरक पडला नाही.
त्याची गिऱ्हाइकं बाकदार खजुरीची खूण धरून येतात,
नाहीतर व्हॉट्सॲपवर माप पाठवतात.

यंदा बसलो शेवटी.
एकेका नावापुढची खूण काढत गेलो.
लोबान गेला. खजूर गेला.
टाइल्सपाशी बोट अडलं,
आठ वर्षं पोसलेलं.
बहात्तर रियाल, आणि वर ते तीनशे बैसा.
काढली.
चार ठेवली, का ते विचारू नका,
एकात केळशी आहे.

दीड-दोन महिन्यांनी सहज पत्ता टाकून पाहिला.
मस्कतटाइल्स डॉट क्लब उघडलं.
पांढरं पान, मधोमध एक ओळ,
हे नाव विकणे आहे.
किंमत चार हजार डॉलर.

इस्माईलला हलवून उठवलं.
बघ, कुणीतरी उचललं. चार हजार!
त्याने एक डोळा उघडला.
विकलं गेलं?
नाही. विकायला ठेवलंय.
त्याने पाय गळतीतून बाजूला घेतले,
बादली थोडी सरकवली.
म्हणजे आता त्याला मेल येणार फेब्रुवारीत,
असं म्हणून
भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी बराच वेळ ते पान बंद केलं नाही.